काचेवरचा अदृश्य लेप

भिलाईचा उन्हाळा ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना मे महिन्यातील दुपारचे वर्णन करून सांगावे लागत नाही. पारा ४२ अंशांच्या पुढे जातो आणि पश्चिमेकडची खोली भट्टीसारखी तापते. मग आपण खिडकीला जाड पडदा लावतो आणि भर दुपारी दिवा लावून बसतो. उष्णतेला अडवताना प्रकाशालाही अडवतो आणि त्यासाठी विजेचे बिल भरतो. प्रकाश तेवढा आत घ्यावा आणि उष्णता बाहेरच थांबवावी, असे करता येईल का? या प्रश्नावर जगात अनेक संशोधक पीएच.डी. पदवीसाठी अभ्यास करतात. त्यांच्या कामाची ओळख या पाठात करून घेऊ.

उष्णता कशी येते?

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली. अशा भट्टीपासून दूर उभ्या असलेल्या कामगारालाही तिची धग चेहऱ्यावर जाणवते. भट्टीला स्पर्श न करताही ही उष्णता किरणांच्या रूपाने त्याच्यापर्यंत पोहोचते. सूर्याची उष्णताही अशीच येते. जमिनीवर पोहोचणाऱ्या सौर ऊर्जेपैकी सुमारे निम्मी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असते. हे किरण वाचायला-लिहायला उपयोगी पडत नाहीत; खोली मात्र तापवतात. साधी काच प्रकाशाला आणि या किरणांना, दोघांनाही सहज आत सोडते.

लेपाची रचना

ऊर्जा वाचवणाऱ्या काचेवर चांदीचा सुमारे १० नॅनोमीटर जाडीचा थर दिलेला असतो. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आपला केस या थराच्या हजारो पट जाड असतो. इतक्या पातळ चांदीतून प्रकाश बराचसा पार होतो. अवरक्त किरण मात्र मोठ्या प्रमाणात परत फिरतात. परंतु नुसती चांदी आरशासारखी चमकते आणि लवकर खराबही होते. म्हणून तिच्या खाली व वर जस्त किंवा टायटॅनियम यांच्या ऑक्साइडचे थर देतात. या थरांची जाडी नेमकी साधली, तर त्यांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींना खोडून काढतात आणि काच पारदर्शक दिसते. उष्ण प्रदेशांसाठी चांदीचे दोन किंवा तीन थरही वापरतात.

संगणकाची मदत

सारे कौशल्य आहे ते जाडी नेमकी साधण्यात. समजा, लेपात तीन थर आहेत आणि प्रत्येकासाठी २० वेगवेगळ्या जाड्या शक्य आहेत. म्हणजे ८,००० रचना झाल्या. प्रयोगशाळेत रोज एक नमुना तयार केला, तरी एकवीस वर्षांहून अधिक काळ लागेल. थर पाच असतील, तर हीच संख्या ३२ लाख होते! येथे संगणक मदतीला येतो. प्रकाश एका पदार्थातून दुसऱ्यात जाताना किती परततो, याची सूत्रे फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात मांडली. ती सूत्रे वापरून संगणक प्रत्येक थराचा व प्रत्येक रंगाचा हिशेब करतो. अशा मांडणीला संगणकीय प्रतिमान म्हणतात. त्यातून निवडलेल्या मोजक्या रचनाच संशोधक प्रत्यक्ष तयार करतो.

मात्र प्रतिमान म्हणजे अखेरचा निकाल नव्हे. चांदी फारच पातळ झाली, तर तिचा सलग थर बनत नाही. ती काचेवर बेटांसारखी विखुरते. संगणकाने सलग थर गृहीत धरला असेल, तर त्याचे उत्तर चुकते. म्हणून प्रत्येक उत्तर प्रयोगावर पारखून घ्यावे लागते.

प्रश्न कोणत्या गावाचा?

१९७३ च्या तेलसंकटानंतर थंड देशांत या संशोधनाला वेग आला. तेथील गरज घरातील ऊब आत राखण्याची होती. त्यासाठी केलेला लेप उन्हाला आत येऊ देतो आणि खोलीतील उष्णतेला बाहेर जाऊ देत नाही. तीच काच भिलाईत बसवली, तर औषधच आजार ठरेल! भिलाई सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथे जूनमध्ये मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीवर तेव्हा ऊन फारसे पडत नाही. सकाळी पूर्वेची आणि दुपारनंतर पश्चिमेची खिडकी तापते. संगणकाला स्थळाची ही माहिती दिली, तरच त्याचे उत्तर त्या स्थळाच्या उपयोगाचे ठरते. २००७ मध्ये आलेल्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेनेही भारताचे पाच हवामान विभाग मानले आहेत, ते यासाठीच.

लेपाची काच महाग असते आणि खिडकी उघडी ठेवली, तर तिचा उपयोग उरत नाही. म्हणून छज्जा, अंगणातील झाड आणि वाळ्याचा पडदा यांचे महत्त्व कमी झालेले नाही. ऊन काचेवर पडण्यापूर्वीच अडवणे, हा आजही स्वस्त उपाय आहे.

२०१६ मध्ये भिलाईच्या नावाने भारतीय तंत्रज्ञान संस्था सुरू झाली. उच्च संशोधनाची दारे आता या परिसरातही उघडली आहेत. संगणक उत्तर देतो. पण आपल्या घराला काय हवे, हा प्रश्न त्याला माणसानेच विचारायचा असतो. आणि तो प्रश्न, तापलेल्या खोलीत दुपार काढणाऱ्याइतका नेमका कोण विचारू शकेल?

विचार करा

१. थंड देशातील लेपाची काच भिलाईत का चालणार नाही?
२. संगणकाचे उत्तर प्रयोगावर का पारखावे लागते?
३. आपल्या घराची कोणती खिडकी सर्वांत जास्त तापते? दिवसभर निरीक्षण करून पाच वाक्ये लिहा.