अहवालातला आकडा आणि बायोप्सीचा निर्णय
लेखमाला : गाठ लागली हाताला (लेखांक ५)

गेल्या आठवड्यात आपण मॅमोग्राफी आणि स्तनाची सोनोग्राफी कशी होते ते पाहिलं. आजचा प्रश्न त्यापुढचा, आणि या लेखमालेतला बहुधा सर्वांत अवघड. अहवाल हातात पडतो, त्यात 'संशयास्पद' असं लिहिलेलं असतं आणि डॉक्टर सांगतात, बायोप्सी करून घ्या. मग घरात चर्चा सुरू होते. ती अहवालावर क्वचितच होते. भीती, पैसा, शेतीची कामं आणि नात्यातल्या कुणाला तरी काय झालं होतं, यावरच ती फिरत राहते. 'सुई लावली का गाठ भडकते' हे वाक्य गोंदियापासून देवरीपर्यंत कुठंही कानावर पडतं. 'रोवणी आटपू दे, मग पाहू' हेही तितकंच ओळखीचं.

या चर्चेत अहवालाला त्याची जागा परत मिळावी, यासाठी आजचा लेख आहे. बायोप्सी करायची की थांबायचं, हे बऱ्याच अंशी अहवालातल्या एका आकड्यावरून ठरवता येतं. तो आकडा घरातल्या प्रत्येकाला वाचता आला पाहिजे.

आधी आकडा पाहा

स्तनाच्या तपासणीचे अहवाल 'बाय-रॅड्स' नावाच्या पद्धतीने लिहिले जातात. अमेरिकेतल्या रेडिओलॉजी तज्ज्ञांच्या संस्थेने ही पद्धत १९९३ मध्ये आणली. एकाच सावलीला एक डॉक्टर 'थोडी शंका' म्हणायचा आणि दुसरा 'बरीच शंका', तो गोंधळ मिटवण्यासाठी ० ते ६ असे गट ठरवले गेले. अहवालाच्या शेवटी 'निष्कर्ष' लिहिलेला असतो, तिथं हा आकडा सापडतो.

१ म्हणजे काही दोष नाही. २ म्हणजे काहीतरी दिसतंय, पण ते निरुपद्रवी आहे. पाण्याने भरलेली साधी पुटकुळी याच गटात येते. या दोन्ही गटांत चित्रावरून तरी बायोप्सीची गरज नसते.

३ म्हणजे बहुधा निरुपद्रवी. अशा १०० जणींमध्ये कर्करोग निघण्याची शक्यता फार तर दोघींना. इथं सहसा सुई न लावता सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी करतात आणि पुढे साधारण दोन वर्षं लक्ष ठेवतात. मात्र परत येणं जमणारच नसेल, कामासाठी बाहेरगावी जायचं असेल, घरात आई-बहिणीला हा आजार झालेला असेल किंवा गाठ वाढते आहे असं वाटत असेल, तर ३ असतानाही बायोप्सी करण्याबद्दल डॉक्टरांशी बोलावं.

४ म्हणजे संशयास्पद, आणि बायोप्सीचा सल्ला मुख्यतः इथून सुरू होतो. हा गट मोठा असल्याने त्याचे तीन भाग केलेत. ४-ए मध्ये १०० पैकी २ ते १० जणींना कर्करोग निघतो, ४-बी मध्ये १० ते ५० जणींना, ४-सी मध्ये ५० ते ९५ जणींना. ५ मध्ये ही शक्यता ९५ टक्के किंवा त्याहून जास्त असते. ६ हा आकडा बायोप्सीत कर्करोग आधीच सिद्ध झालेल्या रुग्णालाच देतात.

म्हणजे '४-ए' वाचून घरात रडारड सुरू झाली असेल, तर थांबा. अशा १०० पैकी ९० किंवा अधिक जणींची गाठ साधी निघते. पण म्हणून बायोप्सी टाळायची नसते, कारण उरलेल्या कोण हे चित्रावरून सांगता येत नाही.

सर्वांत जास्त फसवतो तो ०. शून्य म्हणजे काहीच नाही, अशी समजूत करून अहवाल फाइलला लागतो. खरं तर ० म्हणजे तपासणी अपुरी आहे. आणखी चित्रं, सोनोग्राफी किंवा जुन्या अहवालाशी तुलना केल्याशिवाय सांगता येत नाही. शून्य आला असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे परत जा.

दुसरीही एक गोष्ट. हाताला टणक गाठ लागते आहे आणि मॅमोग्राफी मात्र स्वच्छ आली, असं होऊ शकतं. तरुण वयात स्तनाचा भाग घट्ट असतो, त्यात मॅमोग्राफीला काही गाठी दिसतच नाहीत. अशा वेळी हाताला लागलेली गाठ खरी मानायची आणि तिचा छडा लावायचा. बाळाला अंगावर पाजणाऱ्या बाईची गाठ 'दुधाची असेल' म्हणून महिनोन्महिने सोडून देऊ नये. पाजत असतानाही बायोप्सी करता येते.

सुई नेमकं काय करते

आज गाठीसाठी सर्वसाधारणपणे 'कोअर बायोप्सी' करतात. बाई टेबलावर निजलेली असते. डॉक्टर एका हाताने सोनोग्राफीचा प्रोब धरून पडद्यावर गाठ शोधतात. कातडी स्वच्छ करून भूल देण्याचं इंजेक्शन देतात. चुरचुरतं ते मुख्यतः तेव्हाच. मग दोन-तीन मिलिमीटरची बारीक चीर देऊन साधारण दोन मिलिमीटर जाडीची सुई गाठीपर्यंत नेतात. सुईला स्प्रिंगचं यंत्र जोडलेलं असतं. कळ दाबली की 'ठक्' असा आवाज होतो, म्हणून तो आवाज आधी ऐकवायला सांगावं. नाहीतर बाई दचकते. सुईच्या खाचेत पांढुरका, दोऱ्यासारखा तुकडा येतो. असे चार-पाच तुकडे घेतात. ते फॉर्मालिनच्या बाटलीत टाकल्यावर चरबीचा तुकडा तरंगतो आणि गाठीचा भरीव तुकडा बहुधा तळाला जातो, त्यावरूनही डॉक्टरांना अंदाज येतो. शेवटी जागा दाबून धरून पट्टी लावतात. टाके लागत नाहीत, बाई त्याच दिवशी घरी जाते.

राइस मिलच्या दारात धानाचं पोतं न फोडता टोकदार पोकळ नळी खुपसून आतला दाणा काढून बघतात, तशीच ही तपासणी. पण नळी योग्य जागी गेली पाहिजे, म्हणून सुई सोनोग्राफीत बघत घातलेली बरी. मॅमोग्राफीत नुसते कॅल्शियमचे बारीक ठिपके दिसत असतील, तर मॅमोग्राफीच्याच मदतीने बायोप्सी करावी लागते आणि ती सोय मोठ्या केंद्रात असते.

नंतर काळंनिळं होणं, दोन दिवस ठणकणं हे नेहमीचं. जंतुसंसर्ग किंवा मोठी रक्ताची गाठ क्वचित होते. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका.

'गाठ भडकते' हे खरं आहे का?

ही भीती हसण्यावारी नेऊ नये; तिच्यामागे लोकांनी पाहिलेलं काहीतरी असतं. गाठ फार वाढल्यावर रुग्ण दवाखान्यात येते, तिथं सुई लागते आणि काही महिन्यांत ती दगावते. पाहणाऱ्याला वाटतं, सुईमुळे झालं. प्रत्यक्षात रोग सुईच्या आधीच पसरलेला असतो. सुईच्या वाटेवर काही पेशी सरकल्याचं सूक्ष्मदर्शकाखाली दिसू शकतं, हे खरं आहे. पण त्यामुळे रोग जास्त पसरतो किंवा आयुष्य कमी होतं, असं अभ्यासांत आढळलेलं नाही. जगभर स्तनाच्या कर्करोगाचा उपचार बायोप्सीनेच सुरू होतो.

बायोप्सी न करता उपचार सुरू करणं मात्र खरोखर धोक्याचं आहे. आपल्याकडे स्तनाचा क्षयही होतो, आणि तपासताना, चित्रातही तो कर्करोगासारखा दिसू शकतो. फरक कळतो तो तुकडा तपासल्यावर. एकीला क्षयाच्या गोळ्या लागतात, दुसरीला केमोथेरपी. कर्करोग निघालाच तर त्याच तुकड्यावर ईआर, पीआर आणि हर-टू या चाचण्या होतात आणि कोणतं औषध चालेल हे त्यावर ठरतं.

होकार फक्त तपासणीला

काही बायका बायोप्सीला घाबरतात, कारण त्यांना वाटतं की टेबलावर गेलं की स्तन काढूनच बाहेर येणार. एके काळी तसं होतंही होतं. बाईला पूर्ण भूल द्यायची, गाठ काढून लगेच तपासायची आणि कर्करोग दिसला तर त्याच वेळी स्तन काढून टाकायचा. जाग आल्यावर तिने छातीला हात लावून बघायचं. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या रोझ कुशनर या पत्रकार बाईंनी हे नाकारलं. स्वतःची गाठ तपासून घेताना त्यांनी बजावलं, आधी फक्त बायोप्सी, पुढचं मी ठरवीन. शल्यविशारदांशी त्यांना भांडावं लागलं. १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने, ज्यात कुशनरही होत्या, निदान आणि उपचार हे दोन वेगळे टप्पे असावेत अशी शिफारस केली.

तोच हक्क आज आमगावच्या किंवा सालेकसाच्या बाईचाही आहे. संमतीपत्रावर काय लिहिलंय ते वाचून घ्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. तिथं फक्त बायोप्सी लिहिलेली असावी. सही किंवा अंगठा तिचा. नवरा, मुलगा, सासू यांनी सोबत असावं, पण निर्णय तिच्या अंगाचा आहे आणि तिच्यासमोर व्हावा.

'गाठ आधी काढून टाकू, मग तपासायला देऊ' असा सल्ला कुणी दिला, तर विचारा : आधी सुईने का नाही? कर्करोग असेल तर अशी अर्धवट काढलेली गाठ पुढचं काम अवघड करते. कडेला रोग उरतो, दुसरं ऑपरेशन लागतं आणि केमोथेरपीने गाठ लहान करून स्तन वाचवण्याची संधी जाऊ शकते. आणि काही कारणाने काढलीच, तर ती फेकली जाणार नाही, तपासणीला जाईल, हे स्वतः पाहा.

किती दिवस थांबता येतं?

एक-दोन आठवड्यांनी काही बिघडत नाही. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल, पैशांची जुळवाजुळव करायची असेल, घरी बोलायचं असेल, तेवढा वेळ आहे. महिने मात्र नाहीत. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या एका मोठ्या आढाव्यात, लक्षण दिसल्यापासून उपचाराला तीन महिने किंवा अधिक उशीर झालेल्या स्त्रियांचं पाच वर्षं जगण्याचं प्रमाण कमी आढळलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुरू केलेल्या स्तन कर्करोग उपक्रमात, रुग्ण दवाखान्यात आल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावं, असं उद्दिष्ट आहे.

आपल्या जिल्ह्याच्या वर्षात हे ६० दिवस कधी संपतात ते कळतही नाही. तेंदूपत्त्याचा हंगाम, मग रोवणी, मग धान कापणी, दिवाळी, मंडई. प्रत्येक काम खरं असतं आणि प्रत्येक वेळी 'एवढं झालं की जाऊ' हेही खरं वाटतं. म्हणून निर्णय पुढे ढकलायचाच असेल, तर कॅलेंडरवर तारीख लिहून ढकला, आणि ती तारीख दोन आठवड्यांच्या आतली असू द्या.

कुठं जायचं? गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे; चौकशी तिथून सुरू करा. पुढं जावं लागलं तर नागपूर रेल्वेने साधारण १३० किलोमीटर. तिथं मेडिकल आहे, राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे, जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत घ्या, आणि महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत नेमकं काय बसतं, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला खर्च करण्याआधी विचारा. मॅमोग्राफीच्या फिल्म आणि जुने सगळे अहवाल न्या. नुसता निष्कर्षाचा कागद पुरत नाही. बाटली प्रयोगशाळेत तुम्हालाच पोचवायची असेल, तर तिच्यावर नाव, बाजू आणि तारीख आहे का ते पाहा, आणि तुकडा पाण्यात नव्हे, फॉर्मालिनमध्येच आहे याची खात्री करा.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न थोडेच आहेत. माझा आकडा किती? कोणत्या प्रकारची बायोप्सी, आणि सोनोग्राफीत बघून करणार का? अहवाल कधी येईल, समजावून कोण सांगेल? शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा : बायोप्सीचा अहवाल चित्राशी जुळतो का? चित्रात ५ आणि तुकड्यात 'काही नाही' असं आलं, तर सुटलो म्हणून घरी यायचं नसतं. सुई गाठीत गेलीच नसेल. बायोप्सी पुन्हा करावी लागते.

मुंबईत टाटा मेमोरियलच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी १९९८ पासून वीस वर्षं दीड लाखाहून अधिक महिलांचा अभ्यास केला. त्यातल्या साधारण निम्म्या जणींचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासले. पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाल्याचं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. महागडं यंत्र नव्हतं. बाई आली, हात लागला, आणि शंका आलेल्या जणींचा पुढचा तपास झाला. आपल्या गावातली आशाताई तिशीपुढच्या बायकांना गाठीबद्दल विचारते, ती याच साखळीची पहिली कडी आहे. बायोप्सी ही मधली कडी. ती तुटली तर आधीचं विचारणं आणि नंतरचं औषध, दोन्ही वाया जातं.

तेव्हा ४ किंवा ५ लिहिलेला अहवाल घरात असेल, तर आज रात्रीच तो काढा, आकडा सगळ्यांना वाचून दाखवा आणि जायचा दिवस ठरवा.

(पुढील आठवड्यात : बायोप्सीचा अहवाल कसा वाचावा)