पाचशे मीटरचं अंतर

ताडोब्याच्या मोहर्ली गेटवर उजाडायच्या आधीच जिप्सींची रांग लागते. कानटोप्या, ब्लँकेटं, परवाने आणि ओळखपत्रं तपासणारे वनकर्मचारी, आपल्या पाळीनं गाडीत चढणारा गाइड. मोबाइल बाहेरच ठेवायचा. गेट उघडतं, गाड्या एकामागून एक आत शिरतात आणि दहा मिनिटांत सागाच्या आणि बांबूच्या जंगलात अशा विरून जातात की मागची दिसत नाही, पुढची ऐकू येत नाही. वाघ दिसो न दिसो, मला दरवेळी याचंच नवल वाटतं. ही विरळाई आपोआप आलेली नाही. ती कुणीतरी बसून मोजलेली आहे.

या मोजणीची गोष्ट ताडोब्यापासून फार दूर, कासवांच्या गॅलापागोस बेटांवर सुरू होते. तिथल्या राष्ट्रीय उद्यानात काम केलेल्या मिगेल सिफुएन्तेस यांनी एखादं जंगल किती माणसं सोसू शकतं, हे काढायची पायरीपायरीची पद्धत बसवली. १९९२ साली ती कोस्टा रिकातून छापून आली. त्यानंतर वीस वर्षांनी आपल्याकडे तिची गरज पडली. २४ जुलै २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातलं पर्यटन थांबवलं. १६ ऑक्टोबरला ती बंदी उठली, पण राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं आल्यानंतरच. गाभ्याचा फार तर २० टक्के भाग पर्यटकांना, आणि गाड्या किती सोडायच्या ते धारणक्षमता काढूनच. ती काढायच्या पायऱ्या सिफुएन्तेस यांच्याच.

हिशेब ऐकण्यासारखा आहे. समजा पर्यटनासाठी १०० किलोमीटर रस्ते आहेत. दोन गाड्यांमध्ये निदान ५०० मीटर अंतर हवं, म्हणजे किलोमीटरला दोन गाड्या, एकूण २००. इथून काटछाट सुरू होते. काही रस्ते धुपणारे असतात, त्यांचं प्रमाण वजा. जनावरांना त्रास होतो ते दिवस वजा. पावसाळ्यात जंगल बंद असतं ते महिने वजा. समजा या तिन्ही चाळण्यांतून अनुक्रमे ७०, ८० आणि ८० टक्केच खाली उतरले, तर २०० च्या नव्वदच उरल्या. शेवटची चाळणी सगळ्यांत सुंदर आहे: जंगल राखायला जेवढी माणसं हवीत, त्यातली प्रत्यक्षात किती आहेत? ती ६० टक्के असतील तर नव्वदच्या ५४. आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत, पण रीत हीच. आपल्याला सफारीचं तिकीट मिळणार की नाही, याचा धागा कुठल्यातरी बीटवर पायी गस्त घालणाऱ्या वनरक्षकापर्यंत जाऊन पोचतो!

म्हणजे हा एक विलक्षण धंदा आहे. गिऱ्हाईक वाढलं की दुकान मोठं करायचं, ही वाट इथे बंद आहे. ताडोबा हे महाराष्ट्रातलं सगळ्यांत जुनं राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचं. अंधारी अभयारण्य १९८६ चं. दोन्ही मिळून गाभा सव्वासहाशे चौरस किलोमीटरचा, आणि तो ताणता येत नाही. मग मागणीला दुसरी वाट काढून द्यावी लागते. ती वाट म्हणजे बफर. २०१० मध्ये गाभ्याभोवती सुमारे अकराशे चौरस किलोमीटरचं बफर क्षेत्र जाहीर झालं आणि आगरझरी, जुनोना, देवाडा, मदनापूर, अलिझंजा अशी गेटं हळूहळू नावारूपाला आली. गाभा पावसाळ्यात तीन महिने बंद असतो, तेव्हा बफरची गेटं चालू राहतात. या गावांतली पोरं गाइड झाली, बायाही गाइड झाल्या, काही जणी जिप्सीच्या स्टिअरिंगवर बसल्या.

जाहिरात मात्र कुठल्याही खात्यापेक्षा वाघांनीच जास्त केली. माया, वाघडोह, मटकासुर ही नावं मुंबई-पुण्याच्या पोरांना पाठ आहेत. मायाचे बछडे, तिची तळ्याकाठची चाल, यासाठी लोक वर्षानुवर्षं परत आले. २०२३ च्या पावसाळ्यात ती दिसेनाशी झाली तेव्हा घरातलं कुणी गेल्यासारखी हळहळ झाली. ही माया खरी आहे, आणि तिनं जंगलाला हजारो राखणदार मिळवून दिले असं मी मानतो. पण वर मांडलेलं सूत्र मोडतं तेही इथेच. सांबराचा धोक्याचा कॉल येतो. गाइड हात वर करतो, ड्रायव्हर इंजिन बंद करतो, सहा माणसं श्वास रोखतात. वानराची खकार, चितळाची शिट्टी, पुन्हा शांतता. मग धूळ उडते आणि चार दिशांनी गाड्या एकाच पाणवठ्याकडे धावतात. पाचशे मीटर कागदावर राहतात. सूत्रात गाड्या सारख्या पसरलेल्या असतात, माणसाच्या हावेत नसतात. सफारीचं खरं व्यवस्थापन त्या एका मिनिटात, गाइडच्या 'नाही' म्हणण्यात आहे, आणि ते 'नाही' ऐकून घेण्यात आहे.

याच वेळी, याच उजेडात, बफरमधली एखादी बाई टोपली घेऊन मोहाखाली वाकलेली असते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, मे महिन्यात तेंदूपत्ता. उन्हाळा हाच सफारीचाही हंगाम, कारण चंद्रपूरच्या भट्टीत वाघ पाण्यात येऊन बसतो. जिप्सीत उभं राहून आपण ज्या वाघाची वाट बघतो, तो आपल्याला दिसू नये म्हणून ती देवाचं नाव घेत असते. चंद्रपूर जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यांत दरवर्षी माणसं जातात, त्यांत अशीच वाकून काम करणारी अनेक असतात. म्हणून प्रवेशशुल्क कुठे जातं, हा मला या विषयातला सगळ्यांत मोठा प्रश्न वाटतो. २००६ च्या कायदेदुरुस्तीनं प्रत्येक व्याघ्र प्रकल्पाला संवर्धन प्रतिष्ठान काढायला लावलं आणि पर्यटनाचा पैसा त्यात जमा होऊ लागला. बफरमधल्या गावांना सवलतीचा गॅस, कुंपण, रोजगार अशी कामं ग्राम परिविकास समित्यांमार्फत होतात. सिलिंडर आला की सरपणासाठी जंगलात जायच्या खेपा कमी होतात. ही वाघापासून वाचवणारी गोष्ट आहे, उपकार नव्हे.

आणि शेजारचा गडचिरोली? तिथे निसर्गाची भांडारं पडून आहेत. आलापल्लीचं 'वनवैभव' फक्त सहा हेक्टरांचं, पण सागाच्या बुंध्याशी उभं राहून वर पाहिलं की मान दुखते. २०१४ मध्ये ते राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसास्थळ झालं. सिरोंचा तालुक्यात वडधमला डायनासोरच्या काळातले जीवाश्म सापडले आहेत. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती एकमेकींत मिसळतात. कमलापूरच्या हत्ती कॅम्पमधले हत्ती २०२२ मध्ये गुजरातेत हलवायचं घाटत होतं, तेव्हा लोक 'हे आमचे हत्ती' म्हणून उभे राहिले. आपलं ठिकाण आपलं वाटणं ही कुठल्याही पर्यटनाची पहिली पुंजी, आणि ती तिथे आधीच आहे. फक्त गर्दी येण्याआधी मोजणी व्हायला हवी. व्याघ्र प्रकल्पांना त्यासाठी कोर्टानं दटावावं लागलं.

तेव्हा पुढच्या खेपेला एक फेरी गाभ्यात करा, दोन बफरमध्ये. रात्री गावातल्या घरी मुक्काम करा. ड्रायव्हरला गाडी पळवायला सांगू नका, आणि गाइड 'पुढे नको' म्हणाला तर त्याचं ऐका. मग दोन दिवस जास्त काढून आलापल्लीला जा. चंद्रपूरहून रस्ता गोंडपिपरी, आष्टीवरून जातो.