मांगाची ॲनिमे रूपांतरे

जपानी चित्रकथेला ‘मांगा’ म्हणतात. रेखाचित्रे क्रमाने दाखवून ती हलती भासविणाऱ्या जपानी चित्रपटांना व दूरचित्रवाणी मालिकांना ‘ॲनिमे’ ही संज्ञा आहे. अनेक ॲनिमे मांगांवर आधारलेले असल्याने, रूपांतर मूळ कृतीशी कितपत इमान राखते, हा प्रश्न रसिकांत सतत चर्चिला जातो. घटनाक्रम तसाच ठेवला की इमान राखले, असे सामान्यतः मानले जाते. हा निकष अपुरा आहे.

दोन्ही माध्यमांतील मूलभूत भेद काळाच्या हाताळणीत आहे. मांगा बहुधा कृष्णधवल असते. तिच्या एखाद्या चौकटीवर किती वेळ रेंगाळावयाचे, हे वाचक ठरवितो. ॲनिमेत ते दिग्दर्शक ठरवितो. शिवाय रंग, आवाज व संगीत हे मुळात नसलेले घटक त्याला योजावेच लागतात. पात्र प्रत्यक्ष बोलू लागताच वाचकाने मनोमन ऐकलेला त्याचा आवाज पुसला जातो. हे नुकसान अटळ होय.

तेझुका ओसामू (१९२८–८९) यांच्या ‘तेत्सुवान आतोमु’ या मांगावरील साप्ताहिक मालिका १ जानेवारी १९६३ रोजी सुरू झाली. खर्च व वेळ वाचविण्यासाठी तीत थोडी चित्रे, स्थिर दृश्ये आणि तुकड्यांचा पुनर्वापर यांचा अवलंब केला गेला. या काटकसरीमुळे ॲनिमे मांगाच्या स्थिर चौकटीच्या जवळच राहिले.

मांगा चालू असतानाच मालिका निघाली, तर ती लवकरच मूळ कथेला गाठते. मग भरतीचे प्रसंग घालावे लागतात, प्रसंग ताणावे लागतात किंवा स्वतंत्र शेवट रचावा लागतो. तोरियामा आकिरा (१९५५–२०२४) यांच्या ‘ड्रॅगन बॉल’वरील मालिकेत पहिले दोन्ही उपाय दिसतात, २००९ मध्ये ‘काई’ या नावाने तिची आटोपशीर आवृत्ती काढण्यात आली. आराकावा हिरोमु यांच्या ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ (२००१–१०) या मांगावरील पहिल्या मालिकेने (२००३–०४, ५१ भाग) तिसरा मार्ग पत्करला. मृत आईला परत आणण्याचा दोन भावांचा निषिद्ध प्रयत्न फसतो, हे कथेचे बीज. या मालिकेत त्या फसलेल्या प्रयत्नातूनच आईच्या चेहऱ्याची एक कृत्रिम मानवी व्यक्ती निर्माण होते आणि भावांसमोर शत्रू म्हणून उभी राहते. मांगात असे नाही. पण अपराधभावाचे मूळ सूत्र येथे अधिक तीव्र झाले आहे. २००९–१० ची दुसरी मालिका (६४ भाग) मांगाच्या शेवटापर्यंत जाते, मात्र आरंभीचा भाग घाईने उरकते. घटनांच्या दृष्टीने ती निःसंशय अधिक प्रामाणिक. शोकाची जाणीव मात्र पहिलीत अधिक आहे.

लेखक आणि दिग्दर्शक एकच असला, तरी प्रश्न सुटत नाही. मियाझाकी हायाओ (१९४१– ) यांची ‘नाउशिका’ ही मांगा १९८२ ते १९९४ या काळात, दीर्घ खंड पडत प्रसिद्ध झाली. तिच्यावरील त्यांचाच चित्रपट १९८४ मध्ये आला. चित्रपटात नायिका आत्मबलिदानानंतर पुन्हा जिवंत होते व प्राचीन भाकीत खरे ठरते. मांगाच्या उत्तरार्धात मात्र पृथ्वी शुद्ध करणारे विषारी अरण्य प्राचीन मानवांनीच घडविले होते, आणि आजची माणसेही त्या विषासह जगण्यासाठी बदललेली आहेत, असे उघड होते. पूर्वजांची ती योजना नायिका स्वतः उद्ध्वस्त करते. म्हणजे चित्रपट निघाला तेव्हा मांगाचा आत्मा पुरता घडलाच नव्हता. चित्रपटाला बेइमान म्हणणे त्यामुळे अन्यायाचे ठरेल.

ताकाहाता इसाओ (१९३५–२०१८) यांनी वेगळी वाट धरली. ‘असाही शिंबुन’ या दैनिकातील इशिई हिसाइची यांच्या चार चौकटींच्या विनोदी चित्रमालिकेवरून त्यांनी १९९९ मध्ये यामादा कुटुंबावरील चित्रपट केला. सलग कथानक न रचता सुटे प्रसंग सुटेच ठेवले आणि जलरंगांचा भास देणाऱ्या चित्रांभोवती कागदाचा कोरेपणा राखला. ही साधी रेषा पडद्यावर हलती ठेवण्यास मात्र संगणकाचे साहाय्य घ्यावे लागले.