महापौर म्हणजे नेमके कोण?

१५ जानेवारी २०२६ ला महापालिकांचे मतदान झाले, दुसऱ्या दिवशी निकाल लागला, २२ तारखेला मंत्रालयात महापौरपदाच्या आरक्षणाची सोडतही निघाली. अकोल्यात टिळक रोडपासून गोरक्षण रोडपर्यंत तेव्हा एकच विषय होता: महापौर कोण? ८० जणांच्या सभागृहात ४१ चा आकडा कोणालाच एकट्याने गाठता आला नाही, त्यामुळे चर्चेला आणखी ऊत आला. महापौर होऊन करायचे काय, हे मात्र कोणी विचारले नाही.

शब्द सावरकरांचा. पौर म्हणजे पुरात राहणारा, नागरिक. तेव्हा महापौर हा काही शहराचा राजा नव्हे. फार तर थोर नागरिक. गंमत अशी, की कायद्यानेही त्याला जवळपास तेवढेच ठेवले आहे.

मुंबई पालिकेचा प्रमुख १९३१ पर्यंत अध्यक्ष होता. त्या वर्षी बोमन-बेहराम पहिले ‘मेयर’ झाले. पाटी बदलली, अधिकार होते तिथेच राहिले. १८८८ च्या मुंबईच्या कायद्याने कारभाराच्या चाव्या आयुक्ताकडे दिल्या होत्या. इतर महापालिकांसाठीचा १९४९ चा कायदा त्याच घडणीचा, आणि २००१ मध्ये अकोल्याची नगरपरिषद महापालिका झाली तेव्हा तोच इथे लागू झाला. महापौराने सभा चालवायची, मते समसमान पडली तर निर्णायक मत द्यायचे. तिजोरीवर नजर १६ जणांच्या स्थायी समितीची, तिचा सभापती वेगळा. आदेश आयुक्तांचे.

आता पन्नासेक किलोमीटरवरच्या अकोटला जा. तिथे नगरपरिषद, तिचा कायदा १९६५ चा. नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडून येतो आणि स्थायी समितीचा पदसिद्ध सभापतीही तोच असतो. म्हणजे लहान गावच्या अध्यक्षाला मतदारांचा थेट कौल, मोठ्या शहराच्या महापौराला नगरसेवकांचा! अर्थात थेट निवडीने सगळे सुरळीत होते असेही नाही. अकोटला नगराध्यक्षा भाजपच्या आल्या, सभागृहात बहुमत नव्हते. मग भाजपने ‘अकोट विकास मंच’ उभा केला, त्यात चक्क एमआयएमही, आणि मुख्यमंत्र्यांना डोळे वटारावे लागले.

महापौराला खरी सत्ता देऊन पाहायचा प्रयोग या राज्यात झालेला आहे. १९९८ मध्ये मुंबई आणि नागपूरला ‘मेयर-इन-कौन्सिल’ आली. महापौर आणि त्याचे सहकारी मंत्रिमंडळासारखे कारभार पाहणार होते. वर्षभरातच ती गुंडाळली गेली. रुळायला जरा वेळ दिला असता तर काय बिघडले असते?

अकोल्यात तर मार्च २०२२ पासून महापौरच नव्हता. सभागृहाची मुदत संपली, निवडणूक लांबत गेली आणि आयुक्तच प्रशासक झाले. ठराव मांडणारे तेच, मंजूर करणारे तेच. त्याआधीची गोष्टही बोलकी आहे. जानेवारी २०१८ मध्ये मोर्णा नदीच्या सफाईला हजारो अकोलेकर उतरले, पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये तिची दखल घेतली. मोहीम गाजली ती जिल्हाधिकारी आस्तिककुमार पाण्डेय यांच्या नावाने. त्या वेळी शहराला महापौर होता, सभागृहात एका पक्षाचे स्पष्ट बहुमतही होते.