पाणथळ जागेपर्यंतची शेवटची शंभर पावले

दलदल, तळी, खाड्या, नदीचे उथळ पात्र, भातखाचरे आणि माणसाने बांधलेले जलाशय या सर्वांना मिळून पाणथळ जागा म्हटले जाते. इराणमधील रामसर शहरात २ फेब्रुवारी १९७१ रोजी झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने नैसर्गिक व कृत्रिम, कायमचे व हंगामी, गोडे व खारे असे सर्व प्रकारचे जलप्रदेश या संज्ञेखाली आणले. भारताच्या २०१७ च्या पाणथळ जागा नियमांनी मात्र पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय या व्याख्येतून वगळले, आणि बालाघाटच्या डोंगररांगांना लागून असलेल्या अवर्षणप्रवण जामखेड तालुक्याच्या दृष्टीने हा फरक केवळ शब्दांचा राहत नाही. जामखेड शहराला पाणी पुरवणारा भुतवडा तलाव रामसर कराराच्या अर्थाने पाणथळ जागा ठरतो, देशातील नियमांच्या अर्थाने ठरत नाही. हिवाळ्यात पाण्यावर उतरणारी बदके यांपैकी कोणतीही व्याख्या पाहून उतरत नाहीत, हा भाग वेगळा. परंतु पक्षी पाहण्यास येणाऱ्या माणसासाठी कुठे वाट, आडोसा व स्वच्छतागृह असेल आणि कुठे नुसता काटेरी बांध असेल, हे बहुतेक वेळा त्या जागेच्या सरकारी दर्जावरच अवलंबून असते.

जामखेड ज्यात येते त्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या आसपास अशा दर्जाच्या जागा कमी नाहीत. उत्तरेस शेवगाव व नेवासे तालुक्यांना स्पर्श करणारा पैठणचा नाथसागर १९८६ पासून जायकवाडी पक्षी अभयारण्य म्हणून संरक्षित आहे. दक्षिणेस कर्जत तालुक्याला भिडणारा उजनी धरणाचा फुगवटा, म्हणजे धरणाच्या भिंतीमुळे मागे पसरलेले पाणी, भिगवण परिसरातील रोहित पक्ष्यांमुळे सर्वपरिचित झाला आहे. सुविधांच्या दृष्टीने सर्वांत अभ्यासण्याजोगे उदाहरण मात्र नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर हे आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा घालण्यात आला, त्यातून निघालेल्या कालव्यांनी कोपरगाव आणि राहाता भागाची शेती बागायती केली, आणि बंधाऱ्यामागे साचत गेलेल्या गाळातून उथळ पाणी, बेटे व पाणवनस्पतींचा असा प्रदेश तयार झाला की १९८६ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा द्यावा लागला. पुढे २०१९ साली तो रामसर यादीत दाखल झाला आणि १,४३७ हेक्टरांचे हे क्षेत्र महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. म्हणजे ज्या पाण्याने अहिल्यानगर जिल्ह्यातला ऊस पोसला, त्याच पाण्याने चक्रवाक, थापट्या आणि जांभळी पाणकोंबडीही पोसली.

नांदूर मध्यमेश्वरला चापडगावच्या बाजूने येणाऱ्या पर्यटकासाठी निरीक्षण मनोरे आहेत, आणि पक्ष्यांची ओळख करून देणारे स्थानिक तरुण मार्गदर्शकही मिळतात. वाटाड्या गावातलाच असल्याने पक्ष्यांची माहिती आणि गावाची कमाई एकत्र नांदते, ही या व्यवस्थेची मोठी जमेची बाजू आहे. प्रश्न उरतो तो पाण्यापर्यंतच्या शेवटच्या शंभर पावलांचा. ही पावले ज्यांना सहज टाकता येत नाहीत अशा माणसांत चाकांची खुर्ची वापरणारा तर येतोच, पण गुडघे दुखणारी आजी, कडेवर मूल असलेली आई, काठी टेकत चालणारा निवृत्त शिक्षक आणि कमी दिसणारा विद्यार्थी हेही येतात. सुगम्यता, म्हणजे कोणालाही दुसऱ्याच्या आधाराविना किंवा किमान आधाराने पोहोचता व वापरता येणे, हा विषय मूठभरांचा समजला जातो तो याच विस्मृतीमुळे.

पाणथळ जागेत सुविधा उभारणे उद्यानात उभारण्यापेक्षा अवघड असते, कारण इथे काठ एका जागी थांबत नाही. पावसाळ्यानंतर तुडुंब भरलेला जलाशय कालव्याला सोडलेल्या प्रत्येक आवर्तनागणिक, म्हणजे सिंचनासाठी ठराविक मुदतीने सोडल्या जाणाऱ्या पाण्याच्या पाळीगणिक, मागे सरकत जातो. उजनी आणि जायकवाडीच्या काठी उघड्या पडलेल्या या सुपीक जमिनीवर गाळपेर केली जाते, आणि दिवाळीत पाण्याला लागून असलेला आडोसा उन्हाळ्यात पिकाच्या मधोमध उभा राहिलेला दिसू शकतो. पक्षी पाण्याच्या मागे जातात, बांधकाम जात नाही. म्हणून सिमेंटचा पक्का ओटा हे पाणथळ जागेतील सुविधेचे उत्तर फारच थोड्या ठिकाणी असते, आणि कोणती गोष्ट कायमची बांधायची व कोणती हलती ठेवायची याचा निर्णय पाण्याच्या वर्षभराच्या हालचालीचा नकाशा समोर ठेवूनच घ्यावा लागतो.

असे असताना जागा विकसित करायची म्हटली की सर्वांत आधी मनोरा उभा राहतो आणि सर्वांत शेवटी, निधी उरलाच तर, स्वच्छतागृह. मनोरा छायाचित्रात उठून दिसतो, उद्घाटनाला सोयीचा असतो आणि वरून दिसणारे दृश्य खरोखर विस्तीर्ण असते, हे मान्य केले तरी सुगम्यतेच्या दृष्टीने तो सर्वांत महाग पर्याय आहे. चाकांच्या खुर्चीसाठीच्या उताराचे सर्वमान्य प्रमाण एकास बारा आहे, म्हणजे एक फूट चढण्यासाठी बारा फूट लांबीचा रॅम्प लागतो. वीस फूट उंचीच्या मचाणाला या हिशेबाने दोनशे चाळीस फूट लांबीचा रॅम्प लागेल, आणि मध्येमध्ये दम खाण्यासाठी ठेवायच्या सपाट टप्प्यांची लांबी त्यात धरलेलीच नाही. एवढे बांधकाम काठावर करणे पैशाच्या, निसर्गाच्या आणि शहाणपणाच्याही दृष्टीने परवडणारे नसते. नुसत्या लोखंडी शिडीने चढायचा मनोरा तर केवळ दिव्यांगांनाच नव्हे, साडी नेसलेल्या वयस्क बाईलाही खालीच थांबवतो.

जमिनीवरचे लपणगृह हा याहून बरा मार्ग आहे. लपणगृह म्हणजे पाण्याकडे फटी ठेवलेला, पक्ष्यांना माणसाची आकृती दिसू न देणारा आडोसा. तो बांबू, तट्टे आणि गवत यांतूनही उभारता येतो आणि पाणी मागे सरकले की उचलून पुढे नेता येतो. त्यात एकच पथ्य पाळावे लागते, आणि नेमके तेच विसरले जाते. उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवलेली फट बसलेल्या माणसाच्या आणि लहान मुलांच्या डोक्यावरून जाते, म्हणून काही फटी जमिनीपासून साडेतीन-चार फुटांवर हव्यात. फटीखाली गुडघे आत जातील एवढी मोकळी जागा आणि खुर्ची वळवण्यासाठी सुमारे दीड मीटर व्यासाचे मोकळे वर्तुळ ठेवले की फारसा जादा खर्च न होता तोच आडोसा सर्वांचा होतो.

मनोरा सुगम करताच येत नाही असे मात्र नाही. लंडनच्या पश्चिम भागात पाणीपुरवठ्यासाठी बांधलेले चार जुने जलाशय निरुपयोगी झाल्यावर त्यांच्या जागी २००० साली लंडन वेटलँड सेंटर सुरू झाले, आणि तिथल्या तीन मजली निरीक्षणगृहात उद्वाहन बसवण्यात आले. तिथे वीज अखंड आहे, देखभालीला माणसे आहेत आणि प्रवेशशुल्कही त्या मानाचे आहे. वीज गेल्यावर बंद पडलेल्या उद्वाहनापेक्षा चांगला दाबलेला मुरुमाचा रस्ता अधिक उपयोगी, हे महाराष्ट्रातील कोणत्याही गावात पटवून सांगावे लागणार नाही.

अधिक जवळचे उत्तर राजस्थानात भरतपूरला सापडते. केवलादेव राष्ट्रीय उद्यान हीदेखील बांध घालून पाणी अडवल्यामुळे घडलेली पाणथळ जागा आहे, आणि तिथे पर्यटक सायकलरिक्षातून बांधांवरच्या सपाट रस्त्यांनी हिंडतात. रिक्षा ओढणाऱ्यांना पक्ष्यांचे प्रशिक्षण दिले गेले आणि त्यांतील कित्येक जण उत्तम पक्षीतज्ज्ञ झाले. ही व्यवस्था दिव्यांगांसाठी म्हणून आखलेली नव्हती, तरी ज्याला चालता येत नाही तो तिथे इतरांच्या बरोबरीने, त्याच वाहनातून, तेच पक्षी पाहतो. शिवाय उभ्याने चालत येणाऱ्या माणसापेक्षा नेहमीच्या रस्त्याने संथपणे जाणाऱ्या वाहनाला पक्षी लवकर सरावतात, त्यामुळे पक्ष्यांनाही ही पद्धत कमी त्रासाची ठरते. महाराष्ट्रातील जलाशयांना आणि कालव्यांना असे भराव व सेवारस्ते आयतेच लाभलेले आहेत. अडचण अभियांत्रिकीची नसून मालकीची आहे, कारण भिंत आणि भराव जलसंपदा विभागाकडे असतो, अभयारण्य वनविभागाकडे, आणि फाटकापर्यंतचा रस्ता आणखी तिसऱ्याच कार्यालयाकडे.

जामखेडच्या संदर्भात या विषयाला आणखी एक बाजू आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली इथे सुरू केलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पात जयपूर फूट बनवण्याची कार्यशाळाही उभी राहिली. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस जयपूरला घडवलेला हा रबरी पाय पाश्चात्त्य कृत्रिम पायाहून वेगळा होता, कारण तो घालून अनवाणी चालता येते, उकिडवे बसता येते आणि चिखलात, पाण्यात उतरून शेतीची कामे करता येतात. जमीन बदलता येत नसेल तर साधन जमिनीला जुळवून घेणारे हवे, हा त्यामागचा विचार पाणथळ जागेला तंतोतंत लागू पडतो. रुंद टायरची खुर्ची, चिखलावर अंथरून पुन्हा गुंडाळता येणारी चटईसारखी वाट, भिगवणला मच्छीमारांच्या होडीत चढण्यासाठी काठावरून टाकायची कठडेदार फळी, ही सगळी त्याच जातीची साधने आहेत. उजनीच्या काठची पर्यटनव्यवस्था मुख्यतः या होडीवाल्यांच्या मेहनतीवर उभी आहे. त्यांना अशी फळी आणि जीवरक्षक जाकिटे पुरवणे कोणत्याही मनोऱ्याहून स्वस्त पडेल.

कायद्याची बाजू आता पुरेशी स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार मान्य केले आहेत आणि मनोरंजन व सांस्कृतिक जीवनातील समान सहभाग हा हक्क मानला आहे. सुगम्यतेची मानके नियमांत केवळ शिफारशीसारखी राहिली असल्याचे सांगून सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ च्या राजीव रतुरी प्रकरणातील निकालात ती बंधनकारक करण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला. दुसरीकडे, २०१७ चे पाणथळ जागा नियम पूररेषेपासून पन्नास मीटरांच्या आत बोटींचे धक्के सोडून पक्के बांधकाम करण्यास मनाई करतात. वन्यजीव कायद्याखालील अभयारण्यांना हे नियम थेट लागू नसले तरी त्यांमागचे तत्त्व तिथेही रास्तच आहे. हे दोन्ही कायदे परस्परविरोधी वाटू शकतात, पण हलके, हलवता येणारे आणि जमिनीलगतचे बांधकाम दोहोंच्या कसोटीला उतरते. विरोध असतो तो काँक्रीटशी.

दृष्टिहीनांसाठी काही करायचे म्हणजे ब्रेल फलक लावायचा, एवढाच अर्थ बहुधा घेतला जातो. फलक हवाच, तोही मराठी ब्रेलमधला; पण पाणथळ जागा ही मुळात ऐकण्याचीही जागा आहे. चक्रवाकाचा अनुनासिक आवाज, पाणकोंबड्यांचा गवतातला कलकलाट, शेकाट्याची तीक्ष्ण शीळ आणि पहाटे थव्याने उठणाऱ्या पंखांचा नाद ओळखून सांगणारा मार्गदर्शक तयार करण्यासाठी बांधकामाचा एक रुपयाही लागत नाही. स्वच्छतागृहाचे तसे नाही. पाण्याची टाकी, कमोड, दोन्ही बाजूंना आधाराचे दांडे आणि खुर्ची आत जाईल असा रुंद दरवाजा यांना खर्च आहे, रोजच्या सफाईला त्याहून अधिक आहे, आणि ते नसेल तर अनेक बायका आदल्या रात्रीपासून पाणी पिणे टाळतात किंवा सहलीलाच येत नाहीत.

सर्वांत स्वस्त सुविधा म्हणजे खरी माहिती. जामखेडला रेल्वे नाही. एसटीत दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सवलत मिळते, परंतु नांदूर मध्यमेश्वरला जाणाऱ्याला बस निफाडला सोडते आणि पुढचा प्रवास खासगी वाहनाचा असतो. एवढ्या लांबून येणाऱ्या कुटुंबाला रस्ता मुरुमाचा आहे की चिखलाचा, पायऱ्या किती आहेत आणि स्वच्छतागृहाचा दरवाजा केवढा आहे, हे निघण्यापूर्वी समजले पाहिजे. नुसते ‘सुगम’ असे लिहून त्यांचे काम भागत नाही. जलसंपदा विभागाकडे आवर्तनाच्या तारखा आधीच ठरलेल्या असतात. त्याच तारखा अभयारण्याच्या फाटकावर आणि वनविभागाच्या माहितीपत्रकात लागल्या, तर पाणी किती मागे गेले असेल, लपणगृह कुठे हलवलेले असेल आणि खुर्ची कुठवर नेता येईल, याचा अंदाज घरी बसूनच बांधता येईल.