गेमिंगचा संगणक: पैसा कुठे घालावा?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून गेमिंगचा संगणक जुळवायचा असेल, तर आधी मॉनिटर ठरवा. बाकीचा हिशेब त्यावरून सुटतो. १९२० × १०८० च्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, फोर-के पडद्यावर बरोबर चौपट. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील, तर एक चित्र तयार करायला ग्राफिक्स कार्डाला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. पिक्सेल वाढले, की त्याच वेळात कार्डाला कितीतरी जास्त राबावं लागतं.

म्हणून बजेटचा सर्वांत मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाला द्या. प्रोसेसर मधल्या किमतीचा, सहा कोअरचा बहुतेक गेमना पुरतो. महागडा घेतला आणि कार्ड दुबळं राहिलं, तर तो नुसता खोळंबून राहतो. रॅमची १६ जीबीची एकच पट्टी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्या. माहितीला ये-जा करायला दोन वाटा मिळतात. रंगीत दिव्यांनी आणि काचेच्या कॅबिनेटने मात्र गेमचा वेग वाढत नाही.

एका ठिकाणी काटकसर नको: पॉवर सप्लाय. हलक्या दर्जाचा सप्लाय बिघडला, तर मदरबोर्ड आणि कार्डही जळू शकतं. तिथे चार पैसे जास्त मोजाच.