ठशातला डावखुरा तोडकरी

रहिमतपूरच्या शिवारात ऊस तोडणारा माणूस लिनोलियमवर कोरायला घेतला की पहिलाच पेच पडतो: त्याचा कोयता डाव्या हातात द्यावा लागतो. ठसा कागदावर उलटा उमटतो, त्यामुळे उजवा तोडकरी हवा असेल तर डावखुरा कोरायचा. विसरलात तर अख्खी टोळीच डावखुरी छापून येते. आणि कोरलेलं पुसता येत नाही!

दुसरी गंमत उजेडाची. जिथे कोराल तिथे कागद पांढरा राहतो, न कोरलेला भाग काळा छापतो. म्हणजे मोळी उचलणाऱ्या बाईच्या पाठीवरचं ऊन पटाशीने खणून काढावं लागतं. लाकडाला रेषा असतात, त्या पटाशीला अडवतात. लिनोलियमला त्या नसतात, म्हणून वाकलेल्या पाठीची कमान एका दमात निघते.

पण खरं नवल त्या लिनोलियमचंच आहे. १८६०च्या दशकात इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टनने ते शोधलं, तेही जमिनीवर अंथरायला. हवेने घट्ट झालेलं जवसाचं तेल, त्यात बुचाचा भुगा आणि पाठीला तागाचं कापड. जवस तेच, आपल्या चटणीतलं. वर लावायची शाईसुद्धा परंपरेने काजळी आणि जवसाच्याच तेलाची. कष्टकऱ्याचं चित्र उमटण्याआधीच त्यात कुणाची तरी मळणी आणि पाण्यात उभं राहून सोललेला ताग येऊन बसलेला असतो.

शेतकष्टाच्या छापचित्रांत मला सर्वांत हादरवणारं वाटतं ते जर्मनीच्या केटे कोलविट्झचं. ‘शेतकऱ्यांचं युद्ध’ या मालिकेत नांगराला बैलांच्या जागी माणसंच जुंपलेली आहेत, अंगं जवळजवळ जमिनीला टेकलेली. त्या चित्राला मात्र धातूचा पत्रा, आम्ल आणि दाबयंत्र लागलं. लिनोला चमच्याची पाठ पुरते: कागद ठशावर ठेवून घासायचा, की झाली प्रत.

ही स्वस्ताई ओळखून वापरणारा माणूस मुंबईत राहत होता. चित्तप्रसाद भट्टाचार्य मूळचे बंगालचे, म्हणजे तागाच्याच मुलखातले. १९४३च्या दुष्काळात मिदनापूर जिल्हा हिंडून त्यांनी उपाशी माणसं काळ्या शाईत रेखाटली. त्या रेखाटनांच्या ‘हंग्री बेंगाल’ या पुस्तिकेच्या प्रती ब्रिटिश सरकारने जप्त करून नष्ट केल्या. पुढे ते मुंबईत स्थिरावले आणि अंधेरीच्या घरात वर्षानुवर्षं शेतकरी, मजूर, कामाला जुंपलेली पोरं लिनोवर कोरत राहिले. मुंबईच्या कलाबाजारात त्यांना फारसं कुणी विचारलं नाही. त्या पोरांची मालिका १९६९ साली छापली ती डेन्मार्कच्या युनिसेफ समितीने.